आदिलाबादची वस्त्रे आणि सीमेची साक्ष

न्यायालयात साक्षीदारांची जबानी असते, दस्तऐवज असतात, आणि या दोहोंखेरीज मुद्देमाल म्हणून हजर केलेल्या मुक्या वस्तूही असतात. वस्त्र हे बहुधा या तिसऱ्या वर्गात मोडते. ते बोलत नाही. परंतु ते कोणी विणले, कोणी विकले, कोणी कसे नेसले, हे विचारीत गेल्यास पुष्कळ सांगून जाते. इतिहासाच्या दरबारात मात्र या मुक्या साक्षीदाराला फारसे पाचारण होत नाही. राजांच्या सनदा वाचल्या जातात, शिलालेखांचे ठसे घेतले जातात. पण त्या राज्यात राहणारी कुणबीण काय नेसत होती, हा प्रश्न गौण समजला जातो. आज आम्ही तेलंगणातील आदिलाबाद या सीमावर्ती जिल्ह्यापुरता हा प्रश्न विचारात घेणार आहोत. तेथे त्याला एक विशेष महत्त्व आहे, ते असे की या प्रदेशाची वाटणी एकदा कायद्याने झाली आणि त्या वाटणीत भाषेला मोठे वजन होते. वस्त्रांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, आणि त्या साक्षीवर कितपत विसंबावे, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

आदिलाबाद म्हणजे पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या कवेतील मुलूख. जुन्या हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा सागवानी जंगलाचा आणि काळ्या कसदार जमिनीचा. तेथील मोठे पीक कापसाचे. त्याचा बराच भाग पूर्वी चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेखाली होता. चांद्याचे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि पुढे हा दक्षिणेकडील भाग निजामाच्या अमलात स्थिरावला. म्हणजे गोंडी, मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा येथे एका बाजारात ऐकू येतात, याला तीन-चार राजवटींचा इतिहास कारण आहे. कोलाम, परधान, थोटी, आंध, बंजारा असे इतरही अनेक समाज येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. त्यांपैकी आंधांची तर घरची बोलीच मराठी आहे.

राज्य पुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला. त्या कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ त्या वेळच्या मुंबई राज्यास दिले. उलट, नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे राहिली. सरस्वतीचे बासर क्षेत्र ज्या भागात आहे तो हाच. २०१६ साली तेलंगण सरकारने जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. इतक्या रेघा ओढूनही प्रश्न पुरता मिटलेला नाही. जिवती तालुक्याच्या हद्दीवरील सुमारे चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत, आणि तेथील रहिवाशांकडे दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्यांतील नावे, असा प्रकार अनेक वर्षे चालत आला आहे. आदिलाबादला जाणारी आगगाडीसुद्धा या रेघेला फारशी जुमानत नाही. तो लोहमार्ग एका टोकाला किनवटवरून मुदखेडकडे आणि दुसऱ्या टोकाला पिंपळखुटीकडे, म्हणजे दोन्हीकडून महाराष्ट्रातच शिरतो.

आता या मुलखातील स्त्रियांच्या वस्त्राकडे वळू. आदिलाबादच्या राजगोंड स्त्रीचा जुना पेहराव म्हणजे सुती लुगडे. ते कमरेला गाठ मारून, पुढे निऱ्या घालून, मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचलेले असते. त्याला आपण कासोटा म्हणतो. पदर खांद्यावर येतो. लुगडे गुडघ्याच्या थोडे खाली राहते. रानात लाकूडफाटा वेचताना, चिखलात रोवणी करताना, डोक्यावर घागर घेऊन चढण चढताना ते पायांत येत नाही. वऱ्हाडातील किंवा चांद्याकडील कुणबिणीचे लुगडे याहून वेगळे ते काय? प्रथमदर्शनी काहीच नाही. खूण पटते ती अंगावरच्या गोंदणावरून, गळ्यातील रुप्याच्या अलंकारांवरून आणि अर्थात तोंडच्या गोंडी बोलीवरून. हे गोंदण थोटी समाजातील स्त्रिया गोंदीत असत. वस्त्र जुने होते, फाटते, बदलते. गोंदण मात्र देहाबरोबर जाते, अशी समजूत मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते. तेव्हा शेजाऱ्याकडून घेतलेले वस्त्र आणि आपले स्वतःचे गोंदण, असा हा दुहेरी पेहराव होता असे म्हणावयास हरकत नाही.

कासोटा ही केवळ मराठी मिरास आहे, असेही कोणी समजू नये. तेलंगणाच्या खेड्यांतील वयस्क शेतकरी स्त्रिया आजही साडीचा काष्टा मारतात आणि त्याला गोची म्हणतात. निर्मलकडची तेलुगू म्हातारी आणि किनवटकडची मराठी म्हातारी शेतात वाकून काम करीत असतील, तर दुरून पाहणाऱ्याला त्यांतली तेलुगू कोणती व मराठी कोणती हे सांगता येणार नाही. सणासमारंभातही हाच अनुभव येतो. आपल्याकडे लेकीची ओटी खणानारळाने व तांदळाने भरतात. तेलंगणात त्याच विधीला ओडि बिय्यम म्हणतात, आणि त्यातही तांदूळ, नारळ व नवे वस्त्र पदरात घालतात. माहूरच्या रेणुकेला साडीचोळी वाहणारे हात दोन्ही भाषांचे असतात.

पुरुषांचा पोशाख साधा. धोतर, अंगात बंडी किंवा सदरा, डोक्यास मुंडासे किंवा रुमाल, खांद्यावर घोंगडी. शेतावर धोतराचा पंचा होतो, लग्नकार्यात मुंडाशाचे पागोटे होते. या साधेपणाला शह देणारा दुसरा एक पोशाख निजामी अमलात गावात येत असे, तो म्हणजे सरकारचा. शेरवानी, तुर्की टोपी, आणि दरबारी प्रसंगी दस्तार व बगलूस. बगलूस म्हणजे अधिकाराची खूण असलेला कमरपट्टा. जंगलखात्याचा व महसूलखात्याचा माणूस कपड्यावरून ओळखू येई, आणि तो दिसताच गावातील माणसे सावध होत. कारण त्या पोशाखाबरोबर राखीव जंगलाची हद्द येत असे, जमिनीच्या पट्ट्याचे कागद येत असत, दंड येत असे. या दडपणाविरुद्ध उभा राहिलेला कुमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात पडला. धोतर आणि बगलूस यांच्यामधले अंतर किती खोल होते, हे त्या वर्षी संस्थानाला कळून चुकले.

त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मूळच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे येथील गोंडांच्या अभ्यासाचे काम सोपविले. मारलवाई या गावी राहून त्यांनी केलेले काम प्रसिद्धच आहे. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याच गावी त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी आहे. आमच्या दृष्टीने त्यांच्या कामातील एक गोष्ट फार बोलकी आहे. मारलवाईला १९४३ पासून गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले, तेव्हा गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. कारण या भागातील गोंडांना बाजाराची व शेजाराची मराठी परिचित होती. म्हणजे जशी लुगड्याची तशीच अक्षरांचीही घडी शेजाऱ्याकडून आली, पण आत गुंडाळलेली भाषा गोंडीच राहिली. याच मुलखात अधिकारी म्हणून राहिलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषा शिकून तिच्यावर व तेथील गोंडांवर लेखन केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. संस्थानी सरकारात मोठ्या हुद्द्यावर असूनही ज्यांनी त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे कष्ट घेतले, अशा थोड्यांत त्यांची गणना होते.

मग गोंड स्त्रीने मराठी घाटाचे लुगडे का स्वीकारले? याचे उत्तर राजसत्तेत नसून बाजारात आहे. विणकाम हा गोंडांचा परंपरागत व्यवसाय नव्हे. ते शेती करतात, कापूस पिकवितात. कापड मात्र विकत घेतात. तेलंगणाच्या बाजूस पद्मशाली विणकर, चांदा-नागपूरच्या बाजूस कोष्टी व महार विणकर, आणि या दोहोंमध्ये आठवडी बाजार, अशी ही व्यवस्था होती. बाजारात जे पनहे आणि ज्या लांबीची पाने मिळत, तीच अंगावर येत. गोंडांनी मागणी करावी आणि विणकराने निराळे वस्त्र विणावे, इतका पैसा गोंडाच्या हाती नव्हता. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि कापसाच्या मुलखात गिरणीचे सूत व कापड जवळून येऊ लागले. कापूस गाडीत भरून बाहेर जाई आणि त्याचेच कापड दाम वाढवून परत येई. ज्याने पिकविला त्यानेच सर्वांत महाग विकत घ्यावा, हा कापसाचा जुना न्याय आदिलाबादनेही अनुभवला आहे. तेव्हा वस्त्राचे साम्य पाहून आपण संस्कृतिसंगमाचे गोडवे गाऊ लागलो, तर त्या साम्यामागे नाइलाजही होता, हे विसरता कामा नये.

तथापि रोजचे वस्त्र बाजाराने ठरविले, तरी देवापुढचे वस्त्र समाजाने स्वतः ठरविले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंद्रवेल्लीजवळील केसलापूरची नागोबा यात्रा. पौष अमावास्येला भरणारी ही यात्रा गोंडांतील मेश्राम कुळाची. यात्रेपूर्वी मेश्राम मंडळी पांढरी वस्त्रे नेसून अनवाणी गोदावरीवर जातात आणि तेथील पवित्र पाणी कलशात घेऊन परत येतात. त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा विधी तेव्हाच होतो; त्याला भेटी म्हणतात. त्या सुना पांढरी लुगडी नेसून, चेहरा पदराने झाकून देवापुढे येतात. ही भेट झाल्यावाचून सून कुळाच्या देवकार्यात पुरती सामील होत नाही. २०२२ साली मेश्रामांनी आपल्याच वर्गणीतून तेथे दगडी मंदिर उभारले.

आमच्या वाचकांना हा विधी परका वाटू नये. आपल्या देवस्थानांत गर्भागारात जाणारा भट शिवलेले वस्त्र अंगावर ठेवीत नाही. सोवळे म्हणा, मुकटा म्हणा, किंवा कारवारापलीकडे आपले कोंकणी बांधव म्हणतात तशी मडी म्हणा, तत्त्व एकच. देवापुढे जाताना अंगावर धुतलेले, अखंड वस्त्र असावे. आपल्याकडे सोवळ्याला रेशीम चालते. गोंडाला पांढरे सुती पुरते. एकाला वेदमंत्र आहेत, दुसऱ्याला परधान भाटाची किकरी आणि कुळकथा आहे. असे असूनही दोघांनीही बाजाराचा आणि सरकारचा पोशाख देवाच्या उंबरठ्याबाहेर ठेवला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गोंडांच्या वस्त्राचा दुसरा सोहळा दिवाळीच्या सुमारास दिसतो. दंडारी नाचाच्या मेळ्यात गुसाडी नावाचे नर्तक असतात. त्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे, कमरेला व पायांत घुंगरे आणि हातात काठी असते. त्यांच्यासोबत स्त्रीवेष घेतलेले तरुणही नाचतात. हा पोशाख बाजारातून आलेला नाही. तो पिढीजात जपलेला आहे. तो अंगावर असेतो गुसाडी हा गावचा नेहमीचा माणूस राहत नाही, त्याच्या ठायी देवत्व आहे असे मानतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराच्या शिकारीस बंदी केली, परंतु मोराच्या पिसाऱ्याच्या पिसांना काही सवलत ठेवली. कायद्याने परंपरेला दिलेली ही वाट अरुंद असली, तरी ती आहे.

येथवर वस्त्राची साक्ष आपण ऐकली. आता तिच्यावर उलटतपासणी करणे आमच्या धंद्याचा धर्म आहे. वस्त्राच्या पुराव्यावरून माणसाची जात, धर्म किंवा निष्ठा ठरविण्याचा मोह राज्यकर्त्यांना नेहमीच होत आला आहे, आणि त्याचे परिणाम वाईट झाले आहेत. गोमंतकात १७३६ साली इन्क्विझिशनने जे फर्मान काढले त्यात नवख्रिस्ती पुरुषांनी पुडवें नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असे कलम होते. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या फर्मानाचा परामर्श घेतला आहे. धोतर हा धर्मबुडवेपणाचा पुरावा आणि चोळी हा गुन्ह्याचा मुद्देमाल ठरला. नेसणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला कोणी विचारले नाही.

याच्या उलट टोकाची चूक प्रेमापोटीही होते. गोंड स्त्री नऊवारी नेसते, तिला मराठी समजते, तिची पोथी देवनागरीत आहे, तेव्हा ती आणि तिचे गाव आपले, असा युक्तिवाद सीमावादाच्या भरात आपल्याकडून झाल्यास तो न्यायाचा होणार नाही. आमच्या कोंकणी वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरी कोंकणी आणि कीर्तनात मराठी, असा व्यवहार गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालला. वस्त्रे, व्रते, आरत्या समान होत्या. तरीही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात बहुसंख्य गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. त्या निर्णयाने आरत्यांतील मराठी गेली नाही, की परस्परांचा लोभ आटला नाही. समान वस्त्र हा शेजाराचा पुरावा आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

बंजाऱ्यांचे उदाहरण तर याहून विचार करावयास लावणारे आहे. बंजारा स्त्रीचा आरसे व कवड्या जडविलेला फेटिया, कांचळी आणि ओढणी यवतमाळात, आदिलाबादेत आणि विजापुराकडे पाहिली, तर एकच कुळ डोळ्यांपुढे उभे राहते. पण कायद्याच्या दृष्टीने तेलंगणात तो समाज अनुसूचित जमात आहे, महाराष्ट्रात विमुक्त जाती आहे आणि कर्नाटकात अनुसूचित जाती आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाड्यांना जमातीचा दर्जा मिळाला. त्या सुमारास महाराष्ट्राकडून आदिलाबादेत आलेल्या बंजाऱ्यांमुळे गोंडांच्या जमिनींवर ताण आला आणि दोन समाजांत कटुता वाढली, ती आजतागायत पुरती निवळलेली नाही. अंगावरचे वस्त्र तेच राहिले; रेघ ओलांडताच माणसाचा हक्क बदलला.

आज या वस्त्रांची स्थिती काय आहे? तरुण गोंड पँट-शर्ट घालतो, तरुणी सहावारी किंवा सलवार-कमीज. यंत्रमागाच्या कृत्रिम धाग्याची साडी स्वस्त पडते आणि लवकर वाळते, म्हणून सुती लुगडे मागे पडले. यात खेद करण्याचे कारण नाही. सोयीचा हक्क गोंडालाही आहे. पण दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. तेलंगण सरकारने २०१७ पासून काही वर्षे बतुकम्मा सणानिमित्त सिरसिल्ल्याच्या यंत्रमागांवर विणलेल्या साड्या वाटल्या. त्यांत नेहमीच्या सहा मीटरांच्या साड्यांबरोबर वृद्ध स्त्रियांसाठी नऊ मीटरांच्या साड्याही खास विणवून घेतल्या होत्या. जी गोष्ट भाषेच्या नकाशावर दिसत नाही, ती सरकारी कापडखरेदीच्या हिशेबात अशी उमटली. दुसरी गोष्ट गुसाडीची. मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. तो मान त्या कलेचा होता आणि योग्यच होता. परंतु गुसाडीचा मुकुट आता स्वागतसमारंभांत आणि मिरवणुकांत वाटेल त्या दिवशी चढविला जातो. पाहुण्याच्या करमणुकीसाठी घातलेले सोवळे हे सोवळे राहत नाही, हे आपण जाणतो. गोंडांच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे. तो मुकुट केव्हा घालावा आणि केव्हा उतरवून ठेवावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याच पंचांचा आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. सीमा राज्यकारभारासाठी लागतात, त्या असाव्यात आणि न्यायाने आखलेल्या असाव्यात. परंतु ज्या लोकांनी शेकडो वर्षे एका बाजारात कापड घेतले आणि एका नदीचे पाणी देवाला घातले, त्यांच्या शेजारधर्माची नोंद सरकारी दप्तरात नसली, तर ती आपण ठेवावी. ज्या घरांत अजून नऊवारी नेसणारी आजी आहे, मग ते घर पेडण्याचे असो, राजुऱ्याचे असो की आदिलाबादचे, तेथील सुनांनी व नातींनी तिच्याकडून नेसण्याची रीत, वस्त्रांची नावे, किनारींची नावे आणि ती कोठून आणली जात ती पेठ, एवढे लिहून घ्यावे. ही कामगिरी दहा वर्षांनी करू म्हटले तर साक्षीदार हजर नसतील.